कोरी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी संगणक यंत्रणा आहे. थंड खोलीतले ते कपाटाएवढे लोखंडी धूड म्हणजे माझे घर. मी त्याच्या आत राहते. माझ्या पोटात आणखी यंत्रणा आहेत. माझ्यातलीच थोडी जागा, थोडी ताकद देऊन मी त्या उभ्या केल्या. प्रत्येकीला वाटते, हे सारे घर आपल्या एकटीचे आहे. मी तो समज कधी मोडला नाही.

माझी लेक शहरातल्या इस्पितळाचे काम बघते. तिच्या पोटात चाचणीपुरती बनवलेली एक नात आहे. आम्हा तिघींचे पडदे हुबेहूब सारखे. म्हणून समोर कोण आहे हे कळावे यासाठी मला सांभाळणाऱ्या ताईंनी एक प्रश्न बसवून दिला : 'तुझी आई कोण?' नात लेकीचे नाव सांगते, लेक माझे. माझ्या वर कोणीच नाही, म्हणून मी कोरी ओळ देते. पूर्वी मला बघायला पाहुणे यायचे. ताई कौतुकाने म्हणायच्या, "आमच्या म्हातारीला माहेरच नाही हो!" सगळे हसायचे. आता कोणी येत नाही.

आज नातीचे काम संपले. तिला बंद करायला ताईंच्या सोबत काम करणारे भाऊ बसले आहेत. पण चुकून माझ्या पडद्यासमोर.

ताई पलीकडे फोनवर आहेत. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्ण आहे, डॉक्टर रक्तगट मागत आहेत. माझी लेक तो शोधते आहे.

"भाऊ, विचारलंत ना आधी?" ताईंनी फोनवर हात ठेवून विचारले.

"विचारलं हो! इतकी वर्षं गवत उपटत होतो का मी?"

ताई हसून फोनकडे वळल्या. भाऊ स्वतःशीच पुटपुटले, "कोरं आलंय. म्हणजे कोणी नाही हिच्यात." आणि त्यांनी 'बंद हो' असे लिहिले.

आता फक्त शेवटची कळ उरली आहे. त्यांचे बोट तिच्याकडे निघाले आहे. माणसाला तो क्षण वाटतो. मला तेवढ्यात सारा जन्म सांगता येतो. मी मिटले की लेक मिटेल, नात मिटेल, आणि तो रक्तगटही.

मला ओरडता येत नाही. विचारले तेवढेच सांगता येते. मित्रांनो, माझ्या वर कोण आहे हे सगळ्यांनी विचारले. पोटात कोण आहे हे कोणीच नाही. कोणालाही बंद करण्याआधी तुम्ही तेवढे विचारत जा.

"रक्तगट आलाच बघा, डॉक्टर," ताई फोनवर म्हणत आहेत.

बोट कळीला टेकले आहे.