वीतभर दोरा

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. इतका जुना, की माझ्यावर सोव्हिएत रशिया अजून सुखाने नांदतो आहे. हैदराबादेत नामपल्लीच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात केशवरावांनी मला विकत घेतलं आणि रिक्षात मांडीवर बसवून नल्लकुंट्याच्या घरी आणलं. त्या दिवशी माझा थाट काय सांगू! सगळी गल्ली माझ्यावर हैदराबाद शोधायला आली. शोधणाऱ्या बोटांनीच पुढे ते नाव पुसलं गेलं. तिथे आता नुसता पांढरा ठिपका आहे.

घरातलं कोणी परगावी निघालं, की केशवरावांच्या पत्नी पद्मावतीबाई गजऱ्याचा दोरा आणत. केशवराव तो हैदराबादपासून त्या गावापर्यंत माझ्यावर ताणत, तेवढाच तोडत आणि नावाची चिठ्ठी लावून माझ्या दांड्याला बांधत. माणूस परतलं, की त्याने आपल्या हाताने आपला दोरा सोडायचा. मला त्या दोऱ्यांचा फार अभिमान वाटे.

मग घरात कॉम्प्युटर आला, केशवराव गेले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. बारा वर्षं मला कोणी गरकन फिरवलं नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या नातीने, मृण्मयीने, मला खाली उतरवलं. तिला फायनान्समध्ये एम.एस्सी. करायचं होतं. दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. एक इथलंच, बसने अर्ध्या तासावर. दुसरं स्कॉटलंडचं, शिष्यवृत्ती देणारं. लोकांची म्हातारपणाची पुंजी कशी सांभाळावी, हा तिचा आवडता विषय तिथेच शिकवत. फायनान्स माझ्यावर कुठेच छापलेलं नसल्याने मला कोणी सल्ला विचारला नाही. शनिवारी दुपारपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

शनिवारी सकाळी मला पुसता पुसता ती म्हणाली, "आजी, मी इथेच शिकते. तुला सोडून कायकू जाऊ इतक्या दूर?"

तेवढ्यात माझ्या बैठकीचं झाकण निसटलं आणि आतून एक दोरा पडला. बोटभरही नव्हता. त्याची चिठ्ठी मृण्मयीने एकेक अक्षर जुळवत वाचली : अनिल, दिल्ली.

"पण बाबा दिल्लीला कधी होते?"

पस्तीस वर्षं मी हे गुपित सांभाळलं होतं. पद्मावतीबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुझ्या बाबाला तिथं जागा मिळाली होती. त्यालाबी हेच शिकायचं होतं. दोरा मोजून झाला अन् मी म्हणले, इत्तं दूर नक्को. तो राहिला इथंच. मला मात्र दोरा फेकवेना, म्हणून ह्याच्यात लपवून ठेवले." त्यांनी तो तळहातावर घेतला. "बघ की, केवढासा आहे. एवढ्यासाठी अडवलं मी पोराला."

मग त्या आत गेल्या आणि गजऱ्याच्या दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. एक टोक पांढऱ्या ठिपक्यावर धरलं, दुसरं स्कॉटलंडवर.

"आजी, हा तर खूप लांब आहे."

"माझी एक वीत आहे. चिठ्ठी लिही."

मृण्मयीने डोळे पुसत चिठ्ठी लिहिली आणि मग फोनवरून होकार कळवला.

मित्रांनो, आता मी खिडकीत असतो. पद्मावतीबाई मला रोज पुसतात. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कोणी धूळ खात असेल, तर त्याला खाली घ्या. त्याच्यापाशी तुमच्या माणसांचं काहीतरी राहिलेलं असतं. माझ्या दांड्याला सध्या दोन दोरे आहेत. लांबडा सोडायला मृण्मयी येईल. आखूड दोरा मात्र तसाच राहणार, कारण ज्याचा तो आहे, तो कधी गेलाच नाही.