वळणाचा रकाना

रविवारी दुपारी जेवणं उरकली न उरकली तोच धाकट्याने टेबलावर नकाशा पसरला. त्यावर लाल पेनाने एक रेघ मारलेली होती, चौकीपासून थेट मोठ्या टेकडीपर्यंत, पट्टी लावून सरळ. चाळीस किलोमीटर वाळू, आणि गडी कुठे दम खायलासुद्धा थांबणार नव्हता.

"सगळं फिट आहे ताई," तो म्हणाला. "टायरमधली हवा कमी करायची, गिअर खालचा ठेवायचा आणि थांबायचं नाही. लोण्यातून सुरी जाते ना, तसे जाऊ."

ताईने आधी नकाशावरची मिठाची बाटली उचलली. ती त्याची सख्खी थोरली बहीण. गेली बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. फेरीला बेचाळीस पोरं, आणि बसला आजवर ओरखडा नाही. धाकटा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. भंगारातून एकेक भाग जमवून त्याने चार वर्षांत जीप उभी केली होती आणि ती खरोखर झकास झाली होती. हातात त्याच्या कसब होतंच. फक्त जीभ हाताच्या चार पावलं पुढे धावायची.

वाळूच्या टेकड्यांचं ते राखीव क्षेत्र वर्षातून सहा आठवडे गाड्यांना उघडायचं. दिवसाला दोनच गाड्या, त्याही रोवलेल्या खांबांच्या खुणेने. गेली दोन वर्षं धाकटा अर्ज नामंजूर झाला म्हणून सांगत आला होता आणि यंदाची संधी शेवटची होती. वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी पुढच्या वर्षापासून तिथे गाड्या कायमच्या बंद होणार होत्या. ताईला ते पटलंही होतं. पण त्याआधी एकदा, एकदाच, तिला तिथे गाडी चालवायची होती. शेजारी बसून जायचं नव्हतं, चालवायची होती. बावीस वर्षं आखलेले रस्ते आणि ठरलेले थांबे झाल्यावर, जिथे रस्ताच नाही तिथे गाडी हाताला कशी लागते हे तिला बघायचं होतं. ही इच्छा तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. हा शुद्ध वेडेपणा होता, कारण त्या घरात न मागता फक्त कामं मिळायची.

अर्जात चालकाच्या जागी धाकट्याने स्वतःला लिहून टाकलं होतं. ताईच्या वाट्याला आलं होतं 'पाणी व सामान'.

सामान तिने चोख लावलं. माणशी दिवसाला सहा लिटर पाणी, दोन फावडी, रुतलेल्या चाकाखाली सारायला दोन फळ्या, कचरा परत आणायला पिशव्या आणि उंच काठीला केशरी झेंडा, म्हणजे टेकडीआडून येणाऱ्याला गाडी आधीच दिसावी. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्यावरचं भिंग न काढता त्याने विचारलं, "दोघंच चाललाय, की लढाईला निघालाय?"

"तुम्ही तुमचे काटे सांभाळा," ताई म्हणाली आणि अर्जाचं शेवटचं पान उलटलं. तिथे एका रकान्यावर 'वळण' असं छापलं होतं आणि पुढे धाकट्याने नुसती आडवी रेघ मारली होती.

"हे रिकामं का रे?"

"वाळूत कसलं आलंय वळण? रस्ता असेल तर वळण."

धाकट्याला वळण नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता ते सरकारदरबारीही लेखी गेलं असतं. पण ताई हसली नाही. नव्या गल्लीत बस घालण्याआधी ती एकच गोष्ट विचारायची, गाडी फिरवायची कुठे? एवढी लांब बस रिव्हर्सने बाहेर काढायची पाळी एकदा ज्याच्यावर आली, तो हा प्रश्न जन्मात विसरत नाही.

"अरे, गाडी फिरवायची जागा विचारतायत ते."

"असू दे गं, तसंच दे," धाकटा घाईघाईने म्हणाला आणि नकाशा गुंडाळू लागला.

ताईने तो त्याच्या हातून काढून घेतला. तिच्या ओळखीचा एक टँकरवाला चौकीवर पाणी पोचवायचा आणि आतल्या टाक्याही भरायचा. तिने त्याला फोन लावला. नकाशा जुना होता आणि टेकड्या सरकतात, तेव्हा टणक जमीन आज कुठे आहे ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तासाभरात तिने त्या रकान्यात तीन जागा पेन्सिलीने लिहिल्या. अंतर मिनिटांत लिहिलं, तिला तशीच सवय होती.

सोमवारी बसची सकाळची फेरी आटोपून ती धाकट्याबरोबर राखीव क्षेत्राच्या कचेरीत पोचली. अधिकारी बाई उन्हाने रापलेल्या, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. अर्ज वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"यंदा भरलंत वळण? कमाल आहे. दोन वर्षं पत्रं पाठवतेय मी. वळण म्हणजे गाडी फिरवायची जागा, तेवढी कळवा आणि परवानगी घेऊन जा. पण उत्तर नाही."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याला भिंतीवरच्या पक्ष्यांच्या तक्त्यात एकाएकी फार गोडी वाटू लागली होती.

घरी त्याने 'नामंजूर' सांगितलं होतं. दोन्ही वेळा. गेल्या वर्षी तर ताईनेच त्याची समजूत घातली होती. तिची कानशिलं तापली, पण चालत्या गाडीत भांडण नाही हा नियम तिने पोरांना लावला होता, तो स्वतःही पाळला.

"चालक तुम्ही ना?" बाईंनी धाकट्याला विचारलं. "सातव्या खांबाच्या अलीकडे वारा सुटला. काय कराल?"

"दाबून पुढे."

"पुढे काय आहे?"

"वाळू."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सहाव्या खांबानंतर चार मिनिटांवर उजवीकडे सुकलेला तलाव आहे," ताई म्हणाली. "तळ टणक आहे, टँकर तिथेच फिरतो. समोरचं दिसतंय तोवर तिथे पोचायचं आणि वारा पडेपर्यंत गप बसायचं."

"आणि मोठी टेकडी?"

"तिच्या पायथ्याला गाडी फिरवायला गेलो तर घरट्यांवर जाऊ. म्हणून गाडी तीन किलोमीटर अलीकडे ठेवणार. पुढे पायी." तिने श्वास घेतला. "आणि चालक मी आहे. अर्जात चूक झालीय."

आवाज जरा मोठाच लागला. पलीकडचा कारकून मान वळवून बघू लागला. बघू दे. ताईला मनापासून बरं वाटलं, इतकं की हे दोन वर्षांपूर्वीच का बोलले नाही याचा तिला रागच आला. आता धाकटा आकाशपाताळ एक करणार, म्हणून ती तयारीत बसली.

"हो, चूकच आहे," धाकटा म्हणाला. "नाव बदला, बाई." जन्मात कधी त्याने इतक्या चटकन माघार घेतली नव्हती.

शिक्का बसला. ताई जिन्यापर्यंत कशीबशी थांबली.

"दोन वर्षं! पत्रं दडवलीस आणि मी मूर्खासारखी तुझी समजूत घालत बसले?"

धाकटा पायरीवर बसला. परवानगीचा कागद त्याने गुडघ्यावर ठेवला.

"जीप तयार झाली त्याच महिन्यात समुद्राच्या वाळूत नेली होती. एकटाच. रुतली. भरती येत होती आणि चाकं जागच्या जागी फिरत होती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढली. तेव्हापासून वाळू म्हटलं की हातपाय गळतात माझे. पण गावभर सांगून बसलो होतो ना, टेकड्यांवर जाणार म्हणून. तो रकाना रिकामा ठेवला की परवानगी आपोआप अडायची."

"मग मला द्यायचीस चालवायला!"

"तू मागितलीस कधी?"

ताई कठडा धरून उभी राहिली.

"तुला नाही कळायचं ते, ताई," धाकटा म्हणाला. "तुला कशाचीच भीती वाटत नाही."

ताई त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"वाटते."

"तुला? कधी?"

"रोज सकाळी," ती म्हणाली. "पहिलं पोर बसमध्ये चढलं की."