सरपंच निरुत्तर

लोणारला आभाळातून दगड पडला तेव्हा माझे खापरपणजोबा तिथंच म्हशी चारत होते. दगड येताना दिसला तसा त्यांनी तो काठीनं जरासा बाजूला सारला, म्हणून डोणगाव वाचलं. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. मेहकरच्या एका कंडक्टरनं तर ती मलाच परत सांगितली, वर आईची शपथ घेऊन. तेव्हा थाप कशी फुगवावी हे मला कोणी शिकवायला नको. पुढं जे सांगणार आहे ते न फुगवता सांगतो. जमलं तर बघा.

डोणगावहून जीपनं वीस मिनिटांवर आमचं गाव. तिथं भगवानरावच्या हाटेलात रोज सकाळी मी पेपर वाचतो, मोठ्यानं. वाचता येणारे पुष्कळ आहेत, मोबाईलही सगळ्यांच्या खिशात आहेत, पण त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असतं. मी हवामानाचा अंदाज वाचला की बाया गोवऱ्या झाकायला घरी पळतात.

यंदा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी पहिल्या रांगेत होतो. पंचायतीच्या सदस्य संजीवनीताई उठल्या. बाई शिवणकाम करते, आवाज असा की मागच्या रांगेला ओठ हललेलेच दिसावेत. हातात एक कागद. म्हणाल्या, "भाऊ, नळाच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून आला. पिण्याजोगं नाई म्हणून लिहिलं हाय. नालीचं पाणी विहिरीत मुरून राह्यलं. ते दुरुस्त होईपर्यंत नळ बंद ठेवा, अन् लोकाईले पाणी उकळून प्या म्हणून सांगा."

सरपंच पंजाबराव माझा लंगोटीयार. त्यानं कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "खरं हाय, ताई. दोन-चार दिसात नाली पाहू. तोपर्यंत टँकरचं काही जमते का इचारतो." बाई बसली. मग घरकुलाचा विषय निघाला. सगळं मिळून चार मिनिटं. त्यातही एक मिनिट कोणाचा तरी मोबाईल वाजत होता.

सोळाला पेपरला सुट्टी, सतराला पेपरात आलं: 'ग्रामसभेत रणकंदन, संजीवनीताईंचा हल्लाबोल, सरपंच निरुत्तर'.

गोपाल हा आमच्याच गावचा, त्या पेपरचा वार्ताहर. मी त्याला विचारलं, "काय गा, रणकंदन कुठं झालं? मी झोपलो होतो काय?"

"काका, मी 'चर्चा झाली' असंच लिहून पाठवलं होतं. वरून फोन आला, चर्चा झाली ही काय बातमी हाय? कोण कोणाले भिडलं ते सांग. मी म्हटलं, सरपंच काही बोलले नाईत जास्त. त्याईनं 'निरुत्तर' करून टाकलं."

"अन् नमुन्याचं?"

"ते हाय ना. खाली. शेवटच्या ओळीत."

खरंच होतं, शेवटच्या ओळीत, 'पाणीप्रश्नावरून' एवढाच शब्द. पुढं जाहिरात सुरू होत होती.

आता माझं ऐका. बातमी वाचायला मी बाकड्यावर उभा राहिलो. 'हल्लाबोल' म्हणताना मूठ आपटली. ताई गरजल्या, सरपंचाच्या टोपीला घाम फुटला, ग्रामसेवकाच्या हातातला पेन उडून खिडकीबाहेर गेला, असलं सगळं मी पदरचं घातलं. हाटेल हसून लोळलं. ग्रामसभेला हजर असलेलेही हसले. ते तर म्हणू लागले, हाव ना, पेन उडाला होता, म्या पाह्यला.

तेवढ्यात पंजाबराव दारात येऊन उभा. त्यानं शेवटचं सगळं ऐकलं होतं.

"निरुत्तर?" तो म्हणाला. "मी निरुत्तर काय बे, शालिग्राम?"

"पेपरात हाय, बाबू. मी काय छापलं?"

"पेपरात हाय अन् तू नाचून दाखवून राह्यला." तो चहा न घेताच वळला.

पंजाबरावनं नाली पाहिली नाही. टँकरचं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो पन्नास माणसं घेऊन विहिरीवर गेला, मीही त्यात होतो, आणि सगळ्यांनी बादलीतून पेले भरभरून पाणी प्यायलं. गोपालनं फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत आलं: 'पाणी पिऊन सरपंचांनी विरोधकांना पाजले पाणी'. फोटोत माझा पेला सगळ्यांत उंच आहे.

त्या दिवसापासून गावात दोन गट पडले. जो उकळून पितो तो ताईचा, जो तसंच पितो तो सरपंचाचा. ताईकडची माणसं हापशीवर रांग लावत. आमच्याकडची माणसं नळाखाली ओंजळ धरून, आजूबाजूला कोणी बघतंय का ते पाहून पीत. ताई दारोदार तो कागद घेऊन हिंडली. लोक दारातूनच म्हणत, "ताई, तुमचं राजकारण तुमच्यापाशी ठेवा." एकदा ती माझ्याही अंगणात आली. म्हणाली, "काका, तुमी तं समोरच बसले होते. मी कोणावर ओरडली काय? एकदा हाटेलात तेवढा कागद वाचून दाखवा ना." मी म्हणालो, "वाचतो, वाचतो." कागद घडी करून खुंटीवरच्या पिशवीत टाकला. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. सगळे आकडे.

माझी मुलगी राखी त्याच महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. चिखलीला तिच्या नवऱ्याचं मोबाईलचं दुकान आहे. सातवा सरत आलेला, पाय सुजलेले, पण तोंडाचा पट्टा चालू. बाप तशी लेक. माझी बायको गोजरबाई तिच्यासाठी रोज पातेलंभर पाणी उकळायची. मला न विचारता.

एक दिवस हाटेलात भगवानरावनं कप ठेवता ठेवता टोमणा मारला. "काका, फोटोत पेला वर अन् घरी पातेलं गॅसवर? गोजराकाकू संजीवनीच्या गटात गेल्या म्हणते."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. घरी गेलो आणि गॅस बंद केला.

"काऊन बंद केला?" गोजरबाईनं विचारलं.

"गाव हसून राह्यलं. पंजाबरावले काय तोंड दाखवू?"

"पोटुशी पोरगी हाय घरात. पंजाबरावचं तोंड पाहू का तिचं?"

"पन्नास माणसं प्याली. एकाले तरी ढेकर वाकडा आला काय? पेपरात वाचलं नाई?"

"पेपर तुमीच वाचता," ती म्हणाली. "मले तं तुमीच सांगता त्यात काय हाय ते."

राखी बाजेवर बसून आमचं भांडण ऐकत होती. तिला मजा वाटत होती. उठली, माठातलं तसंच पाणी तांब्यात घेतलं आणि पेपरवाल्यांच्या थाटात म्हणाली, "राखीताईंचा वडिलांना जाहीर पाठिंबा!" गटागटा प्यायली. ओठ पुसले. "झालं? आता भांडू नका." मी टाळी वाजवली. मी, ह्या हातांनी.

सप्टेंबरच्या शेवटी एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागले. आधी आमच्याच गटातले दोन, मग शाळेतली पोरं, मग मोजणंच सुटलं. आरोग्यवाले आले, गोळ्या दिल्या, पुन्हा नमुना घेऊन गेले. पेपरात आलं: 'काविळीवरून दोन गटांत जुंपली'. पंजाबरावला मी म्हणालो, आता तरी नळ बंद कर. तो म्हणाला, "आता बंद केला तं उद्या छापून येईन, सरपंचाची माघार. येईन का नाई, सांग." मी काय सांगणार? आलंच असतं.

राखीला आधी नुसती मळमळ होती. मग हळदीनं माखल्यासारखी दिसू लागली. जीपनं मेहकरला नेली, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होता. हळू आवाजात म्हणाला, ही कावीळ दुसऱ्या कोणाला झाली तर माणूस महिन्याभरात उठून बसतो, गरोदर बाईला झाली तर सांगता येत नाही. कुठलं पाणी पीत होती, असं त्यानं विचारलं. गोजरबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा निरुत्तर झालो, आणि तिथं छापायला कोणी नव्हतं.

आधी बाळ गेलं. दोन दिवसांनी राखी.

पाचव्या दिवशी मी हाटेलात गेलो. पेपर हातात घेतला नाही. बाकड्यावर चढलो नाही. संजीवनीताईचा कागद पिशवीतून काढला, वाचला, आकड्यांसकट. मग म्हणालो, "ग्रामसभेत कोणी कोणावर हल्ला केला नव्हता. बाईनं सांगितलं पाणी खराब हाय, पंजाबरावनं म्हटलं खरं हाय. एवढंच झालं होतं. पेन उडाला नव्हता, तो मी उडवला. ते पाणी माह्या पोरीले मी पाजलं. तुमी पिऊ नका."

मग मागून एकजण शेजारच्याच्या कानात बोलला, पण ऐकू आलं मला.

"काका गेले वाटते ताईच्या गटात."

"पोरगी गेली ना बाप्पा त्याईची. ताईनं बरोबर टाइम साधला."

गोपाल कोपऱ्यात होता. त्याचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगत नाही. तो माझ्याजवळ आला. मी त्याला म्हणालो, "गोपाल, एकच ओळ छाप. नळाचं पाणी पिऊ नका. माह्या नावानं छाप."

"पाठवतो, काका. तशीच्या तशी पाठवतो."

त्यानं पाठवली असणार. दुसऱ्या दिवशी पेपर आला: 'शालिग्राम यांचा सरपंचांना घरचा आहेर; पंजाबराव गटाला खिंडार'. बाजूला फोटो, विहिरीवरचा तोच जुना. ओळ कुठं सापडते का म्हणून मी जाहिरातीपर्यंत गेलो, जाहिरातीच्या खालीही पाहिलं.

हाटेल गच्च भरलं होतं. ताईची माणसं, जी कधी तिथं चहा पीत नसत, तीही आलेली. त्यांनी मला पुढं जागा करून दिली. आमची माणसं भिंतीकडं सरकून बसली. पंजाबराव दाराशी उभा होता, दाढी वाढलेली, माझ्याकडं न बघता. राखीला त्यानं लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलं होतं.

"वाचा, काका," कोणीतरी म्हणालं. "तुमच्या तोंडून ऐकू."

"आधी गळा ओला करा," भगवानराव म्हणाला, आणि त्यानं नळाला पाइप लावलेल्या पिंपातून पेला भरून माझ्यापुढं ठेवला. आदरानं ठेवला. दोन्ही हातांनी.

मी पेला उचलला. अख्खं हाटेल बघत होतं, पितो की नाही. मी तो जमिनीवर ओतला. पाणी फरशीवरून पंजाबरावच्या पायापर्यंत गेलं. तो मागं सरला नाही. तोंड उघडून काही बोलणार होता, मला ते दिसलं, पण ताईच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यानं तोंड मिटलं.

गोपालचा मोबाईल वर होता.

"काका," तो म्हणाला, आवाज अगदी रडवेला, "फोटो हलला. पुन्हा एकदा ओता ना."

भगवानरावनं पेला माझ्या हातातून घेतला आणि भरून आणला.