टिकलीला ओल लागली

"तूच ठेवलीस फ्रिजात! तुझ्याशिवाय एवढं बिनडोक कोण आहे या घरात?"

ताई माझ्या अंगावर धावूनच आली. हातात पत्र्याची डबी, डबीत तिची टिकली. टिकली म्हणजे तिने लॅबमध्ये भट्टीत भाजून केलेली काळी चकती, कोटाच्या बटणाएवढी.

"मी शाळा सोडली म्हणून सगळी पापं माझ्याच नावावर का?" मीपण ओरडलो.

टिकली काळी राहिलीच नव्हती. कडेने बुरशी धरल्यासारखी पांढरी. डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या असायच्या, त्या गायब. मी कचऱ्याचा डबा उघडला. होत्या तिथे, बटाट्याच्या सालांखाली. मग मी बाबांकडे बघितलं.

बाबा फ्रिज दुरुस्त करतात. जन्म त्यातच गेला.

"मीच ठेवली गं," ते म्हणाले. "तूच म्हणतेस ना, ही थंडीतच चालते. म्हटलं बाहेर उकाड्यात खराब होईल. आणि त्या पुड्या... मला वाटलं पॅकिंगचा कचरा."

ताईने टिकली उजेडात धरली आणि कडेचं पांढरं नखाने खरवडून बघितलं.

ही टिकली थंड केली की तिच्यातून वीज कुठेही न अडता पळते, आणि तिच्यावर लोहचुंबक अधांतरी तरंगतो. हिला म्हणे हाय टेम्परेचर सुपरकंडक्टर म्हणतात. ते हाय म्हणजे किती, तर उणे एकशे ऐंशी! ताईने हे सांगितलं तेव्हा बाबा पोट धरून हसले होते. "आमच्याकडे उणे अठराला कंप्रेसर रडतो, आणि हिच्याकडे याला गरम म्हणतात." कपबशीसारख्या भाजलेल्या वस्तूतून वीज अशी का पळते, हे मोठमोठ्यांनाही अजून धड कळलेलं नाही. ताई त्याच्याच मागे लागलीय. कितीतरी टिकल्या वाया गेल्या तेव्हा ही एक जमली. लॅबमध्ये कोणीही हात लावतं म्हणून घरी आणली. आज लॅबच्या कमिटीपुढे हिच्यावर चुंबक तरंगला तर ताईचं काम चालू, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला.

आम्हाला आधी दाखवायचं म्हणून तिने थर्मासमधून बर्फाहून कितीतरी थंड असा द्रवरूप नायट्रोजन आणला होता. तोच वाटीत ओतला. पांढरा धूर उसळला. टिकली बुडवली, चिमट्याने वर चुंबक सोडला. चुंबकाची एक कड आपोआप उचलली. कड परत खाली बसली.

"पुन्हा भाजता येईल ना?" बाबांनी विचारलं.

"येईल. दोन दिवस भट्टी लागते. कमिटी आज आहे, बाबा."

बाबा आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. "मी येतो. साहेबांना सांगतो, चूक पोरीची नाही."

"नको."

"दाराबाहेर थांबेन."

"नको म्हटलं ना! हसतील सगळे. म्हणतील, फ्रिजवाल्याची पोरगी, ठेवली फ्रिजात."

माझं डोकंच सटकलं. "मग काय सांगणारेस? माझं नाव?"

ती चिमट्याने टिकली डबीत ठेवायला लागली. म्हणजे तेच सांगणार होती.

बाबा कचऱ्याच्या डब्यापाशी वाकले, एकेक पुडी उचलून त्याच शर्टाला पुसली आणि डबीत नीट रचली. ताई बघत राहिली. मग डबी उचलून तरातरा जिना उतरली.

आता खालून हाका मारतेय. स्कूटरची चावी माझ्याकडे आहे. बाबा स्टुलावर बसलेत, शर्ट अजून काढलेला नाही. मी त्यांच्या मांडीवर हेल्मेट ठेवलंय; ते आल्याशिवाय स्कूटर हलणार नाही. बोंबलू दे तिला. चला, निघतो.