ठमीची आई विचारते

ठमी नाचाच्या क्लासला जायची. क्लास एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. एका संध्याकाळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थांबली, दार मात्र उघडलं, आणि ठमी उतरायला गेली. एवढंच. यापुढचं तिची आई कुणालाही सांगत नसे.

इमारतीच्या कॅमेऱ्यात खाली लिफ्टमनचं रिकामं स्टूल दिसलं. ठमीचा काका, म्हणजे आईचा धाकटा दीर, जाहिरातीच्या कंपनीत कामाला होता. शब्दांचा पक्का गडी. त्याने ठमीच्या हसऱ्या फोटोशेजारी त्या स्टुलाचा फोटो लावला आणि 'ठमीची आई विचारते' या नावाचं पेज उघडलं. बघता बघता लाखो लोक गोळा झाले. लिफ्टची तपासणी सक्तीची करणाऱ्या कायद्याचा मसुदा कित्येक वर्षं धूळ खात पडला होता, तो सरकारला झक मारत बाहेर काढावा लागला. त्या दिवशी आईच्या घशाखाली पहिल्यांदा धड घास उतरला.

पण त्याच लोकांनी लिफ्टमनचं घरही हुडकून काढलं. दारावर काळं फासलं. त्याच्या बायकोला फोनवर नको नको ते ऐकवलं. त्याच्या पोरीला शाळा सोडावी लागली. आईला हे कळलं, तेव्हा खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं.

मग चौकशी अधिकाऱ्याने तिला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. "दुसऱ्या एका कॅमेऱ्यात लिफ्टमन सापडलाय," तो म्हणाला. "तेव्हा तो इमारतीच्या ऑफिसात होता. लिफ्ट बिघडलीये, आत्ताच्या आत्ता बंद करा, म्हणून भांडत होता. त्याला हाकलून दिलं."

आईने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. अधिकारी चाचरत म्हणाला, "तुमच्या दिरांना आम्ही मागेच कळवलं होतं. त्यांनी सांगितलं नाही?"

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. "भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

दिराने लॅपटॉप मिटला. "होतं, वहिनी. पण विधानसभेत कायद्यावरचं मतदान तोंडावर आलंय. आत्ता हे बोललो तर बिल्डर लोक बोंब मारतील, बघा, पहिल्यापासून सगळं खोटंच होतं. कायदा बुडेल. त्या एका माणसाचं जरा थांबू दे. पुढे अशा किती ठम्या वाचतील, सांगा बरं!"

पंचाईत ही की त्याचं चुकत नव्हतं. शिवाय ठमीला खांद्यावर घेऊन घरभर नाचणारा हाच काका होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "जाऊ दे ना. तो करतोय ते आपल्या पोरीसाठीच."

त्याच दिवशी पेजवर नवं वाक्य आलं: 'ते रिकामं स्टूल मी मरेपर्यंत विसरणार नाही.' आईने ते पुन्हा पुन्हा वाचलं. आपण हे कधी म्हणालो, ते आठवेना. मग वाटलं, म्हणालोही असू.

पेजचा पासवर्ड तिच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या फोनवर वेगळं खातं उघडलं, ओट्यापाशी उभी राहिली आणि व्हिडिओत सरळ सांगितलं, "मी ठमीची आई. लिफ्टमनची चूक नव्हती. त्यांना त्रास देऊ नका."

आधी लोक म्हणाले, व्हिडिओ बनावट आहे. मग म्हणाले, बाई विकली गेली. दुपारी मूळ पेजवर आलं: 'ठमीच्या आईवर दबाव आणला जातोय. आपण तिच्या पाठीशी उभे राहू या.' झालं! तिच्या पाठीशी इतके लोक उभे राहिले की तिला मागे वळायलाही जागा उरली नाही. दबाव आणणारा कोण, याचा शोध सुरू झाला आणि बोट पुन्हा लिफ्टमनकडेच गेलं.

ती त्याच्या घरी गेली. खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला होता. साखळी न काढता त्याच्या बायकोने दार किलकिलं केलं.

"मोबाइल आणलाय?"

"नाही हो. माफी मागायला आलेय."

"बाई, तुम्ही आमच्याबद्दल चांगलं बोललात आणि त्याच संध्याकाळी दगड आले. हात जोडते, आता चांगलंही बोलू नका."

आतून लिफ्टमनचा आवाज आला. "मी सांगितलं होतं त्यांना. घसा फोडून सांगितलं होतं."

"माहीत आहे मला, दादा," आई म्हणाली.

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग?"

दार लागलं. ती जिना उतरली.

कायदा झाला. दीर तिच्या पाया पडून ओक्साबोक्शी रडला, तीही रडली. गावोगावच्या बिघडलेल्या लिफ्टना सील लागलं. "आता तरी त्या माणसाबद्दल लिहा," ती म्हणाली. दिराने लिहिलं, अगदी मनापासून लिहिलं. चार लोकांनी वाचलं असेल नसेल. लिफ्टमनचं बिऱ्हाड तोवर कुठेतरी निघून गेलं होतं. पेज मात्र चालूच राहिलं. आता ठमीची आई धोकादायक पुलांबद्दल विचारत होती.

आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथे एकदा कडेवर बाळ घेतलेली एक तरुणी आली, तिला ओळखून गहिवरली. "तुमच्यामुळे आमच्या लिफ्टची तपासणी झाली हो. दोर पार गंजला होता. माझं बाळ रोज त्याच लिफ्टने जायचं."

आईने बाळाच्या गालाला हात लावला. खरोखर लावला, मनापासून.

"आणि त्या लिफ्टमनला तर भर चौकात फोडायला हवं होतं," तरुणी म्हणाली.

"त्याची चूक नव्हती," आई म्हणाली.

तरुणीने तिचा हात घट्ट दाबला. डोळे भरून आले तिचे. "किती मोठं मन आहे तुमचं," ती म्हणाली, आणि दोघींचा एक फोटो काढायला तिने मोबाइल वर धरला.