चेटकिणींच्या पुस्तकावर अभिप्राय

"हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात येणार नाही म्हणजे नाही!" असं म्हणून भाऊसाहेबांनी हिरव्या कव्हरचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर आपटलं आणि आपली खुर्ची आणखी वीतभर पंख्याखाली ओढली.

लक्ष्मीबाई नगरातल्या त्या मराठी ग्रंथालयाला एकच खोली आणि खोलीला एकच पंखा. बाहेर जूनमधला दिल्लीचा रविवार भाजून काढत होता. भाऊसाहेब उपसचिव म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून ग्रंथालयाचे अध्यक्ष, आणि पंख्याखालची जागा त्यांची. ती त्यांनी कधी पाहुण्यालाही दिलेली नव्हती.

"पण काका, तुम्ही वाचलंय का ते?" कादंबरीने विचारलं. ही मुलगी उदगीरहून स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेली. पुस्तक आणलं होतं तिनेच.

"विष आहे की नाही ते चाखून बघायचं का? स्वतःला चेटकीण म्हणवणाऱ्या बायांचं पुस्तक! आम्ही हयात घालवली अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात."

"अहो, लंडन-अमेरिकेतली शिकलेली माणसं आहेत ती. नोकऱ्या करतात, मुलं सांभाळतात. ऋतूंचे सण पाळतात, पौर्णिमा पाळतात, निसर्गालाच देव मानतात. त्यात काय एवढं?"

"मग आमच्या आजीला काय धाड भरली होती? तीही पौर्णिमा पाळायची. ती नाही स्वतःला चेटकीण म्हणत फिरली!"

आता याच्यावर उपाय एकच होता, नियमाचा. नवं पुस्तक कपाटात जाण्याआधी एका सभासदाने ते अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि छापील चिठ्ठीवर अभिप्राय लिहायचा. 'घ्यावे' लिहिणाऱ्याला एक मान होता. चिठ्ठीच्या तळाशी, 'स्मरणार्थ' या शब्दापुढे, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घालता यायचं. ती चिठ्ठी मग पुस्तकाच्या पहिल्या पानावर कायमची चिकटायची.

"प्रभाताई वाचतील," भाऊसाहेब चटकन म्हणाले.

कोपऱ्यात रजिस्टर लिहीत बसलेल्या प्रभाताईंनी मान वर केली. तेहतीस वर्षं त्या एका मंत्रालयात टिपणं लिहीत आलेल्या. टिपण लिहायचं त्यांनी, मत मांडायचं साहेबांनी. ती सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की ग्रंथालयातही त्यांचा अभिप्राय ठरलेला असे: 'पुस्तक पाहिले. निर्णय समितीने घ्यावा.' अशा चिठ्ठीवर समिती कधीच काही ठरवत नसे आणि पुस्तक टेबलाखालच्या खोक्यात जाऊन पडे. बेरकी भाऊसाहेबांना हे ठाऊक नसेल तर कुणाला!

"चलो, ठीक आहे," प्रभाताई म्हणाल्या आणि पुस्तक पिशवीत घातलं.

घरी त्यांनी पुस्तकाला ऑफिसच्या फायलीचं जुनं तपकिरी कव्हर घातलं. यजमानांनी, विनायकरावांनी, ते उघडून पाहिलंच. "अच्छा! म्हणजे आता मेट्रोचा पास नको. झाडू आहेच घरात."

"गप्प बसा हो. ऑफिसचं काम समजा."

पण ते ऑफिसचं काम काही राहिलं नाही. सोमवारी आयएनए स्टेशनला मेट्रोत बसून प्रभाताईंनी पहिलं प्रकरण उघडलं आणि मान वर केली ती एकदम राजीव चौकाला. ऑफिसच्या दोन स्टेशनं पुढे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या उशिरा पोचल्या, आणि वाईट वाटण्याऐवजी त्यांना चक्क हसू येत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा उघडा ठेवून वाचत होत्या. टिपणं लिहिणाऱ्याची नजर होती ती, तिच्यातून काही सुटतंय की काय! तिसाव्या पानावर लेखिकाबाई म्हणते, ही विद्या हजारो वर्षांची, आईकडून लेकीकडे आलेली. आणि दोनशे बाराव्या पानावर तीच बाई सांगते, की आमचं पहिलं मंडळ दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालं. प्रभाताईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'मेळ बसत नाही.' नोकरी मिळावी म्हणून हिरवी मेणबत्ती लावायचा विधी आला, तिथे त्यांनी नुसतं उद्गारचिन्ह काढलं. पण कुणाचं वाईट चिंतायचं नाही, कुणाला इजा करायची नाही, हा त्या लोकांचा नियम वाचून त्या थबकल्या. आपण तर भलतंच ऐकत आलो होतो.

बुधवारी संध्याकाळी सातवं प्रकरण आलं. औषधी झाडांचं. पाला तोडण्याआधी झाडापाशी बसावं, त्याची परवानगी मागावी, आणि कितीही गरज असली तरी झाड ओरबाडू नये.

प्रभाताई ताडकन उठून उभ्याच राहिल्या.

"अहो! अहो, इकडे या! ही तर आमची गिरिजामावशी!"

विनायकराव टीव्ही सोडून आले. "कोण गिरिजामावशी?"

बरोबरच होतं. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. प्रभाताईंच्या तोंडून मग ते एखादं धरण फुटावं तसं बाहेर पडलं. आईची थोरली बहीण, बालविधवा, गावाच्या कडेला एकटी राहायची. निर्गुडीचा पाला खुडायच्या आधी झाडाला मोठ्याने विचारायची, "देतेस का गं बाई?" आणि छोट्या प्रभालाही विचारायला लावायची. गावच्या निम्म्या पोरांचा खोकला तिच्या काढ्याने गेलेला. मग एका घरचं मूल तापाने दगावलं. मावशीने त्याला औषधही दिलं नव्हतं, ती नुसती बघायला गेली होती. तेवढं पुरलं. गाव तिला चेटकीण म्हणायला लागलं. तिचं पाणी तोडलं, दारासमोरून कुणी जाईना.

"आईने आम्हाला बजावलं, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी नऊ वर्षांची होते. आठवड्याच्या बाजारात तिने मला हाक मारली. 'प्रभे' म्हणाली. ओंजळीत जांभळं होती. आणि मी... मी आईच्या मागे लपले हो. परत कधी दिसली नाही ती. गेल्याचं कळलं ते पोस्टकार्डाने. आईने कार्ड चुलीत घातलं."

विनायकरावांनी उठून स्वतः चहा ठेवला. झाडूचा विनोद त्या घरात पुन्हा झाला नाही.

त्यानंतर मात्र प्रभाताईंना धीर धरवेना. आता पुस्तकात मावशी सापडायलाच हवी, अशा ईर्षेने त्या पानं उलटत होत्या. जुन्या काळी युरोपात जिवंत जाळलेल्या बायकांवर दीड पान होतं. पण ज्यांच्यावर ते नाव आजही गावोगाव लादलं जातं, त्यांच्यावर एक ओळ नव्हती. शेवटची सूचीसुद्धा त्यांनी बोटाने खाली खाली जात दोनदा पाहिली. आणि त्यांना राग आला. असा सणसणीत राग त्यांना कित्येक वर्षांत आलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे त्यांना अगदी तरुण वाटत होतं.

रविवारी त्या ग्रंथालयात सगळ्यांच्या आधी हजर. भाऊसाहेब पंख्याखाली स्थानापन्न झाले, कादंबरी घामाघूम होऊन पोचली.

"हं, प्रभाताई. निर्णय समितीने घ्यावा, ना?" भाऊसाहेबांनी खोका पायाने पुढेसुद्धा ओढला.

"नाही," प्रभाताई म्हणाल्या. आवाज जरा चढाच लागला. त्यांनी चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. "'मी हे पुस्तक पूर्ण वाचले. इतिहासाच्या बाबतीत लेखिकेवर विसंबू नये. पाने तीस आणि दोनशे बारा ताडून पाहावीत. मेणबत्तीने नोकरी लागत नाही, अभ्यासाने लागते.'"

कादंबरीला हसू आवरेना.

"'परंतु माणसे निसर्गापुढे नम्र का होतात, हे मी या पुस्तकातून शिकले. हौसेने घेतलेले नाव आणि लोकांनी लादलेले नाव यांतला फरक लेखिकेला ठाऊक नाही. वाचकाने तो ध्यानात ठेवावा. घ्यावे.'"

"घ्यावे?" भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "प्रभाताई, तुम्ही 'मी' लिहिलंत?"

"दोनदा."

भाऊसाहेबांनी चिठ्ठी हातात घेतली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मुद्देसूद टिपणापुढे मान तुकवायची त्यांचीही जन्माची सवय. "पानांचे हवाले दिलेत. आता मी काय बोलणार," ते पुटपुटले. मग त्यांची नजर तळाच्या ओळीवर गेली. "कैलासवासी गिरिजा मारुती सोनवणे. या कोण? अभ्यासक होत्या का?"

"हो. झाडपाल्याच्या." प्रभाताई म्हणाल्या. "माझी मावशी. गावाने तिला चेटकीण ठरवून वाळीत टाकलं. आम्हीपण."

भाऊसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग या पुस्तकावर त्यांचं नाव... नीट विचार केलात ना? लोक काय समजतील?"

"केला. रात्रंदिवस तोच केला. भाऊसाहेब, तिचं नाव आजवर कुठेच लागलं नाही. घरात फोटो नाही, पितृपक्षात पान नाही. अख्ख्या पुस्तकात मी तिला शोधलं, तिथेही नाही. निदान पहिल्या पानावर तरी असू दे."

कादंबरीने न सांगता डिंकाची बाटली पुढे सरकवली. प्रभाताईंनी चिठ्ठीच्या मागे बोटाने डिंक फिरवला, कडेपर्यंत, आणि ती पहिल्या पानावर ठेवली. पंख्याच्या वाऱ्याने तिचा एक कोपरा उचलला. त्यांनी तो दाबला. दुसरा उचलला.

भाऊसाहेब उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

चिठ्ठी वाळेपर्यंत तिघं तशीच बसून राहिली. भाऊसाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्यांनी बटणाकडे पाहिलंही नाही. प्रभाताईंचा तळवा त्या नावावर होता.