एका सेनापतीला वीस तुकड्या

एका सेनापतीला वीस तुकड्या झेपतात. हे मी ठरवलेलं नाही, खेळातच तसं आहे. एकविसावी दिली की आकडा लाल होतो आणि त्याच्या हाताखालचं सगळंच सैन्य रेंगाळायला लागतं. हुकूम उशिरा पोचतो, शिधा त्याहून उशिरा. उपाय सोपा आहे: दुसरा सेनापती नेमायचा आणि तुकड्या वाटून द्यायच्या. पण वाटून द्यायचं म्हटलं की जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरातल्या थोरामोठ्यांच्या पोटात दुखतं.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी हार्दोनो पाक्देंच्या बाटिकच्या कारखान्यामागच्या खोलीत हा महायुद्धाचा खेळ खेळतो. पाक्दे म्हणजे थोरले काका. रक्ताचं नातं आमच्यात कुणाचंच नाही, पण खोली त्यांची, संगणक त्यांचे, चहा त्यांच्या बायकोच्या, बुधेच्या म्हणजे थोरल्या काकूंच्या हातचा. मग काकाही तेच. लुकितो शाळामास्तर, तेगुह टपालात आणि मी, पालुपी, औषधांच्या दुकानात. चौघं मिळून एकच देश चालवतो. सरसेनापती कोण, ते भिशीसारखं ठरतं. बाटलीतून चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्याची पाळी, आणि सगळ्यांची होईपर्यंत त्याचं नाव पुन्हा बाटलीत जात नाही. निकालात सरसेनापतीचंच नाव लागतं. हरला, तर पुढच्या रविवारी नारळाच्या दुधातला लिवेत भात त्यानेच शिजवून आणायचा.

तिघांच्या पाळ्या होऊन गेल्या होत्या, उरले मी. आणि माझ्या वाट्याला आली सुराबायावाल्यांशी अंतिम लढत. जेवताना, दुकानात, झोपताना मी तीच लढत होते. चार सेनापती, कुणालाही विसाच्या वर तुकडी नाही, नदीवरच्या दोन पुलांवर एकेक, दोन मागे राखीव. मला एकदा, एकदाच, सगळा नकाशा माझ्या हातात हवा होता.

मी खुर्चीकडे गेले तर खुर्चीत पाक्दे बसलेले.

"पाळी तुझीच हो पोरी, कोण नाही म्हणतंय?" ते म्हणाले. "पण सुरुवात जरा जड असते. मी गाडा रुळावर आणून देतो, मग तू घे. चालेल ना?"

"इंगिह, पाक्दे," मी म्हटलं.

इंगिह म्हणजे हो. आमच्याकडे थोरल्यांना दुसरं काही म्हणताच येत नाही, म्हणून नाही म्हणायचं असलं तरी इंगिहच म्हणतात, आणि समोरच्याने ओळखायचं असतं. पाक्दे कुणाचंच कधी ओळखत नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

खेळ सुरू झाला. पाक्देंचा एक लाडका सेनापती आहे, सिंगो. मिशाळ चेहरा, छातीवर सोनेरी तारा.

"लुकितो, तुझ्या दहा तुकड्या सिंगोला दे बघू."

"इंगिह, पाक्दे."

"तेगुह, किनाऱ्यावरच्या तुझ्याही."

"इंगिह."

सिंगोखाली पन्नासाच्या वर तुकड्या जमल्या. आकडा लालभडक झाला. लुकितोने छताकडे पाहिलं, तेगुहने चहात साखर नसताना चमचा ढवळला.

"पाक्दे, मर्यादा ओलांडली," मी म्हटलं. "लाल झालंय."

"आपल्या झेंड्यात लाल रंग कशाचा असतो? शौर्याचा!" पाक्दे हसले. त्यांच्याबरोबर ते दोघेही हसले.

"सैन्य हलत नाहीये हो. मला वीस द्या, मी पूल धरते. बाकीचं राहू दे तुमच्याकडे."

"पालुपी, खराट्याचा एकेक हीर मोडतो. बांधलेला खराटा कुणाला मोडतो का?"

"पण तो उचलता तरी यायला हवा ना, पाक्दे."

लुकितो हळूच म्हणाला, "म्बाक, जरा सबुरीनं." म्बाक म्हणजे ताई. हाच लुकितो आदल्या दिवशी माझ्या दुकानात येऊन माझ्या योजनेला वा वा करून गेला होता! मला त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला.

सुराबायावाल्यांनी सैन्याचे लहान लहान भाग केले होते. सिंगोचा लवाजमा एका पुलाकडे निघेपर्यंत त्यांनी दुसरा घेतला. त्यांचा म्होरक्या मुजिब ध्वनिक्षेपकावर मोठ्यानं ओरडला, "काय सोलोवाले, झोपलात की एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चाललंय?" सुराबायाची माणसं तोंडाने फाटकी, पण मुजिब खोटं बोलला नव्हता.

सिंगोला वेढा पडला. शिधा संपला, तुकड्या एकामागून एक विरघळल्या. शत्रू राजधानीच्या वेशीवर आला, तेव्हा पाक्दे कंबर चोळत उठले.

"माझी पाठ गेली बुवा. ये पोरी, घे तुझी पाळी. मी शब्दाचा पक्का आहे."

त्यांनी सरसेनापतीपद माझ्या नावावर केलं आणि आत जाऊन आडवे झाले.

मी खुर्चीत बसले. उरलेल्या तुकड्या दोन सेनापतींत वाटल्या. लाल आकडे पांढरे झाले आणि दिवसभरात पहिल्यांदा सैन्य सांगितलं तिथे गेलं. मी एक पूल परत घेतला. तेगुह खुर्चीवरून उठून उभाच राहिला, "अरे, अरे!" करत. पण पुलाच्या मागे आता देशच उरला नव्हता. राजधानी पडली. पडद्यावर अक्षरं आली: पराभव. सरसेनापती, पालुपी.

"ए, शेवटचा भाग कोण खेळलं?" मुजिबचा आवाज खोलीभर घुमला. "म्बाक, तू होतीस? मग इतका वेळ कुठे मेली होतीस?"

लुकितोने घाईघाईने आवाज बंद केला.

पाक्दे बाहेर आले, पडदा पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं. पहिल्यांदा जबाबदारी घेतली की माणूस गांगरतो. आम्ही कुणी तुला बोल लावणार नाही हं."

"नाहीच मुळी," लुकितो म्हणाला.

तेगुह माझ्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं. वाटलं, बोलेल. "इंगिह," तो पाक्देंना म्हणाला.

बुधेने बाटली आणली. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या होत्या, तेव्हा चारही चिठ्ठ्या नव्याने आत गेल्या, माझीसुद्धा. पाक्देंनी बाटली हलवली आणि चिठ्ठी काढली. नाव त्यांचंच निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"आणि लिवेत पालुपीचा!" पाक्दे म्हणाले. "भरपूर आण हं पोरी, नारळाच्या दुधात हात आखडू नकोस."

मी इंगिह म्हटलं.